आठ सेकंदांमागची गुणगुण

कानाच्या दवाखान्यात माणसं एकमेकांशी फारशी बोलत नाहीत. अर्ध्यांना नीट ऐकू येत नाही आणि उरलेल्यांना ओरडायची लाज वाटते. म्हणूनच तिला तिथलं बाकडं आवडायचं. नोकरीच्या नियमाप्रमाणे वर्षातून एकदा ती कान तपासायला यायची, नंबराचा बिल्ला मुठीत धरून खिडकीबाहेर बघत बसायची. एरवी एकटं बसलं की लोक कारण विचारतात. इथे कुणी विचारत नसे.

त्या गुरुवारी दुपारी तिच्या शेजारी एक उंच, किडकिडीत माणूस येऊन बसला. डोक्यावर भलेमोठे हेडफोन. कानाच्या दवाखान्यात हेडफोन! आणि त्यांतून आवाज गळत होता – घूंऽऽऽ... आठ सेकंद. मग क्षणभर शांतता. मग पुन्हा घूंऽऽऽ...

तिसऱ्या वेळी ती खिडकीबाहेर बघायची थांबली. हा आवाज तिने झोपेतही ओळखला असता.

“त्रास होतोय का?” त्याने हेडफोन गळ्यात घेतले. “माफ करा हं. कानात सारखी शीळ वाजते म्हणून आलोय, आणि इथेही तेच करत बसलोय.”

“मग कमी ऐका.”

“डॉक्टरही हेच सांगणार. तुम्ही फुकटात सांगितलंत.” तो हसला. “हा आवाज तुम्हीही ऐकला असेल. नवा गेम कन्सोल येतोय ना, त्याचा. मिक्सरसारखा ओरडतो म्हणून सगळीकडे बोंब चाललीय.”

“ऐकलाय,” ती म्हणाली. मग न राहवून विचारलं, “पण तो खरंच त्याचाच कशावरून?”

“खात्री पंच्याऐंशी टक्के. माझ्याच ऑनलाइन पानावर आलाय तो. ‘कुणकुण’ नाव आहे. यायच्या आधीच कन्सोलबद्दल जे जे कानावर येतं, ते मी छापतो आणि शेजारी टक्के लिहितो.”

तिने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. गेले तीन आठवडे ज्या माणसाला ती मनातल्या मनात शिव्या घालत होती, तो असा असेल असं तिला वाटलं नव्हतं. शर्टाच्या बाह्या एक वर, एक खाली. डोळ्यांखाली काळं. हसताना मात्र सगळा चेहरा हसायचा.

“घूं सगळ्यांनी ऐकलाय,” तो आवाज खाली आणून म्हणाला, “पण त्याच्या मागचं कुणीच ऐकलेलं नाही. मी दहा दिवस आवाज गाळून-गाळून काढलंय. ऐकता?”

नको म्हणायला हवं होतं. तिने हेडफोन घेतले. त्याच्या कानांची ऊब अजून त्यांत होती. घूं आता लांब, अंधुक झाला होता, आणि सहाव्या सेकंदाला – कुणीतरी गुणगुणत होतं. एक बाई. अगदी हळू, स्वतःशीच. दोन सेकंद... आणि संपलं.

ती स्वतः.

“ऐकलंत? कोण असेल हो ही? एवढ्या गोंगाटात उभी राहून गातेय, आणि तिला माहीतही नाही की–”

“मला काही ऐकू नाही आलं,” ती म्हणाली.

तेवढ्यात तिचा नंबर पुकारला गेला. काचेच्या खोलीत बसून तिने वीस मिनिटं, आवाज ऐकू आला की बटण दाबलं. बाहेर आली तेव्हा परिचारिका कागद फडकावत साऱ्या बाकड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “काय कान आहेत हो बाई तुमचे! सुई पडली तरी सांगाल, कुठल्या नंबरची ते!”

तो तिच्याकडे बघत होता. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण फार लांबही नव्हतं.

“मला काही ऐकू नाही आलं,” तो तिच्याच सुरात म्हणाला.

* * *

ऑफिसात तिला मौनीबाई म्हणत. तिची जागा तळघरात होती – फोमच्या सुळक्यांनी मढवलेली खोली, भिंती, छत, खाली जाळी आणि जाळीखालीसुद्धा फोम. सगळे त्या खोलीला गुहा म्हणायचे. आत गेलं आणि ते वीतभर जाडीचं दार लागलं की आवाज उमटतो तिथेच विरतो. पाहुणे तीन-चार मिनिटांत बाहेर पळतात. स्वतःचा श्वास, पोटातली गुरगुर, मानेतली शीर, सगळं ऐकू यायला लागतं. तिने त्यात तीन वर्षं काढली होती. कन्सोल मधोमध ठेवायचा, एका मीटरवर माइक, आणि मोजायचं. पंख्याच्या पात्याचा कोन अर्ध्या अंशाने बदलायचा, पुन्हा मोजायचं. कामाबद्दल कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही असा करार होता. ताईशीसुद्धा नाही. आणि दुसरं काही बोलण्यासारखं तिच्या दिवसांत राहिलं नव्हतं.

तीन वर्षांनी आकडा आला एकवीस डेसिबल. कुजबुजसुद्धा याहून मोठी असते. त्या दिवशी तिने एकटीने गुहेत उभं राहून टाळी वाजवली होती. टाळीचाही आवाज लगेच विरून गेला.

मग तो दिवस. पंखा टिकतो का हे बघायला तो चार तास पूर्ण वेगाने पळवायचा असतो. कुणाच्या घरी तो असा कधीच पळणार नाही, ती फक्त पात्यांची परीक्षा. नियम एकच – दार बंद. पण बाहेर कुणाचा तरी वाढदिवस चालला होता, माणसं हसत होती, आणि तिने... तिने दार वीतभर उघडं ठेवलं. नुसतं हसणं ऐकायला. पंखा घोंघावत होता आणि त्या हसण्याच्या सोबतीने ती गुणगुणायला लागली होती. फाटका फोम बदलायला आलेला कारागीर तेवढा बोळात उभा होता. फोन फाटकावरच जमा होतात, पण त्याच्या खिशात दुसरा असेल आणि तो हा आवाज टिपेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आठ सेकंद. तीन वर्षांच्या शांततेला आठ सेकंदांनी मिक्सर करून टाकलं. ताईच्या नवऱ्याला गेमचं वेड. तो फोनवर म्हणाला, “काय गं मेव्हणीबाई, तुमचं यंत्र लावलं की शेजारचे तक्रार करणार म्हणे!”

“मला नाही माहीत, भावोजी.”

“तुला काय माहीत असणार म्हणा. तू आपली मोजत बसतेस.”

तिने बैठकीत तोंड उघडून पाहिलं होतं. “आपण खरा आकडा सांगू या ना. एकवीस.”

प्रचारप्रमुख बाई मायेनेच हसल्या. “तुझे एकवीस कुणाला कळणार गं? मिक्सर सगळ्यांना कळतो. आणि नाकारलं की लोक म्हणतात, पाणी मुरतंय. ओरडू दे त्यांना. जेवढे ओरडतील तेवढे उद्घाटनाला येतील, कान टवकारून.”

दुसऱ्या दिवशी चौकाचौकात काळे फलक लागले. त्यांवर एकच अक्षर – श्श्श. लोकांना वाटलं, कंपनी त्यांना गप्प करतेय. ते आणखी जोरात बोलू लागले. सुरक्षा विभाग मात्र आवाज कुठून फुटला ते शोधतच होता. गुहेच्या वहीत त्या दिवशी नाव तिच्या एकटीचं होतं. पण ध्वनिफितीत यंत्र सोडून दुसरं काही ऐकू येत नव्हतं, त्यामुळे संशय दूरच्या कारखान्यावर होता.

जोवर मागची गुणगुण कुणी ऐकत नाही तोवर तिची नोकरी होती.

आणि ती एकाने ऐकली होती.

* * *

पुढच्या गुरुवारी तिला दवाखान्यात जायचं काही कारण नव्हतं. त्याला किती कळलंय एवढंच बघायचं, असं तिने स्वतःला बजावलं. निघताना मात्र निळा कुडता घातला. हे तिच्या लक्षात आलं, पण तिने त्याकडे कानाडोळा केला.

तो बाकड्यावर होता. दवाखान्याखाली कॉफीचं यंत्र आणि दोन खुर्च्या होत्या, वर पत्र्याचं छप्पर. तिथे त्याने तिच्यासमोर कप ठेवला.

“ओळखू का काय करता ते? शाळेत शिकवता. चाळीस टक्के.”

“नाही.”

“पियानो दुरुस्त करता. साठ.”

“नाही. मी मोजते.”

“काय?”

“ते नाही सांगता येत.”

“बापरे. मग मी तुमच्याबद्दल अफवाच पसरवायला हव्यात.”

“तुमचे ते टक्के,” ती म्हणाली, “येतात कुठून? आजवर ज्यांना पंच्याऐंशी दिले, त्यांतल्या खऱ्या किती निघाल्या?”

तो गडबडला. “म्हणजे... अंदाज असतो.”

“मोजलंत कधी?”

“नाही.”

“मग मोजा.”

तिला वाटलं होतं, तो हसण्यावारी नेईल. पुढच्या गुरुवारी तो वही घेऊन आला. पाच वर्षांच्या अफवा, ओळीने. “पंच्याऐंशीवाल्या एकशे चार,” तो पडलेल्या आवाजात म्हणाला. “खऱ्या निघाल्या तेहतीस. तुम्ही माझी पार झोप उडवलीत.”

“एकशे चार मोजल्यात?”

“तुम्ही सांगितलंत ना.”

तिने कपात बघितलं. आपण सांगितलेलं कुणीतरी बसून मोजलं, हे तिच्याबाबतीत फार दिवसांत घडलं नव्हतं.

“घरचे काही म्हणत नाहीत? रात्रंदिवस हेच करता तर?”

“घरी एक ताट आहे आणि एक वाटी,” तो म्हणाला. “सत्तर हजार लोक मला वाचतात. रस्त्यात एकही ओळखत नाही. माझं बरंय, शीळ तरी सोबतीला असते.”

मग तो पुन्हा त्या बाईबद्दल बोलू लागला. “येत्या सोमवारी संध्याकाळी छापणार आहे. गाळलेला आवाज, अगदी स्वच्छ. ‘गोंगाटामागची गाणारी’. जाहीरही करून टाकलंय, लोक वाट बघतायत. तिचं कुणीतरी ऐकेल, ओळखेल. असं वाटतं की... जी इतक्या गोंगाटात गाते ती फार एकटी असेल. की वेडी?”

पत्र्यावर पाऊस सुरू झाला. आधी एक-एक थेंब, मग सरसरून. साठ, पासष्ट डेसिबल, तिच्या मनाने सवयीने नोंद केली. समोरचा रस्ता पुसट झाला. कपावर हात शेकत ती पावसाकडे बघत राहिली, आणि त्या एकसुरी आवाजाच्या आडोशाने नकळत...

तो बोलता बोलता थांबला होता.

त्याच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर तिला कळलं की आपण गुणगुणत होतो.

मग तो अगदी हळू म्हणाला, “तुम्ही?”

आता खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं. तिने सगळं सांगितलं – गुहा, पंख्याची परीक्षा, वीतभर दार. एकवीस हा आकडाही. करार मोडत होता हे तिला कळत होतं. पण तीन वर्षांनी तो आकडा एखाद्या माणसाला सांगताना छातीतलं काहीतरी सैल होत होतं.

“दार का उघडं ठेवलंत?”

“माणसं हसत होती बाहेर.”

त्याने मान खाली घातली.

“छापू नका असं मी म्हणणार नाही,” ती उठत म्हणाली. “तुमचं काम आहे ते. फक्त... आवाज पाण्याच्या पडद्यासारखा असतो. त्यामागे एकवीसची शांतता आहे, हे माहीत असून नुसता पडदा दाखवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.”

आणि छत्री न उघडताच ती पावसात गेली.

* * *

सोमवारी संध्याकाळी तिने फोन समोर ठेवला आणि नोकरी गेल्यावर खोलीतलं काय काय बांधायला लागेल याची मनात यादी केली. फार नव्हतं. सहा वाजता ‘कुणकुण’वर तीन ओळी आल्या.

“गाळलेला आवाज मी पुसून टाकला आहे. मूळ आवाजही काढला आहे. कन्सोल घरात तसा वाजेल असं मानायला माझ्याकडे आधार नाही. खात्री: मला माहीत नाही.”

तिचा जीव भांड्यात पडला. मग खालच्या प्रतिक्रिया वाचल्या आणि तो पुन्हा वर आला. ‘विकला गेला.’ ‘कंपनीने तोंड बंद केलं.’ ‘श्श्शऽऽ, साहेब झोपलेत.’ आठवड्याभरात त्याच्याबद्दल अफवांचं पीक आलं – त्याला कंपनीत नोकरी लागली, तो परदेशी पळाला. एका ओळीत तो हे खोडून काढू शकला असता. पण त्या ओळीत ती आली असती. तो मूग गिळून बसला.

गुरुवारी ती दवाखान्यात गेली. बाकडं रिकामं होतं. पुढच्या गुरुवारीही. फोन नंबर कधी घेतला नव्हता; गुरुवार आहे ना, असं दोघांनाही वाटलं असावं. पाच गुरुवार ती कॉफीच्या यंत्रापाशी दोन खुर्च्यांपैकी एकीवर बसली. दुसरीवर पर्स ठेवायची, म्हणजे रिकामी दिसत नाही.

उद्घाटन भर दुपारी झालं. दोन हजार माणसं, मधोमध कन्सोल, मागे पडद्यावर गेम सुरू. प्रचारप्रमुख बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. सभागृह थांबलं. कुणीतरी खोकलं, कुणाची तरी खुर्ची करकरली... आणि काहीच नाही. कन्सोल चालू होता आणि काहीच ऐकू येत नव्हतं. मग टाळ्यांचा पूर आला.

शेवटच्या रांगेत उभी असलेली ती एकटीच टाळ्या वाजवत नव्हती. दोन हजार माणसांचा नुसता श्वासच पस्तीसच्या वर जातो. तिथे तिच्या एकवीसच्या जागी तीस असते तरी कुणाला कळलं नसतं. लोक मिक्सर ऐकायला आले होते. मिक्सर नाही म्हणून त्यांनी शांतता ऐकली. खरं होतं ते. पण खरं आहे म्हणून कुणी मानलं नव्हतं.

रात्री भावोजींचा फोन. “काय डोकं लढवलंय तुमच्या लोकांनी! तो घूं म्हणे कंपनीनेच मुद्दाम सोडला होता. आधी ओरडायचं, मग श्श्श! मानलं.”

तिने ऑफिसात बघितलं, प्रचारप्रमुख बाई हे ऐकून नुसत्या हसत होत्या. होही म्हणत नव्हत्या, नाहीही. सुरक्षा विभागाने चौकशी गुंडाळली. तिची चूक आता कुणाची तरी हुशारी झाली होती. ती सुटली होती, आणि तिने केलेलं काहीच तिचं उरलं नव्हतं.

* * *

उद्घाटनानंतरच्या गुरुवारी तो बाकड्यावर होता. हेडफोन नव्हते. दोन्ही बाह्या खाली, बटणं लावलेली.

ती समोर उभी राहिली. “पाच गुरुवार.”

“मोजलेत?”

“मी मोजतेच.”

“लोक माझ्या मागावर होते,” तो म्हणाला. “कुठे जातो, कुणाशेजारी बसतो, फोटो काढत होते. तुम्ही माझ्या शेजारी दिसला असतात तर दुसऱ्या दिवशी पंच्याऐंशी टक्के झाला असतात. आता त्यांना दुसरा विषय मिळालाय.”

“आणि तुमची सत्तर हजार माणसं?”

“बावीस उरलीत. हजार.” त्याने गळ्याशी हात नेला, जिथे हेडफोन असायचे. “शीळही गेली. फार शांत वाटतं हो घरात.”

ती शेजारी बसली. पर्समधून एक कागद काढला, पाच दिवस घडी घालून ठेवलेला. कंपनीचा कुटुंब-दिवस होता. कन्सोल बाजारात आल्यामुळे यंदा घरच्या एका माणसाला आतलं सगळं दाखवता येणार होतं. दरवर्षी हा कागद ती कोरा परत करायची. त्यावर पाहुण्याच्या नावाची जागा होती, आणि खाली – नातं.

त्याने वाचलं. बराच वेळ वाचलं. “इथे काय लिहायचं?”

“तुम्हीच सांगा. टक्क्यांसकट.”

“नाही हं. शंभर-एक भेटी झाल्याशिवाय मी आता टक्के लिहीत नाही. एका बाईने शिकवलंय.”

“किती झाल्यात?”

“ही चौथी.” त्याचे कान लाल झाले होते. “शहाण्णव बाकी आहेत. म्हणजे... तुम्हाला वेळ असेल तर.”

तिने पेन घेतलं, थोडा विचार केला आणि लिहिलं – श्रोता.

“हे नातं आहे?”

“माझ्या कामात तरी याहून जवळचं नाही.”

* * *

गुहेच्या जाळीवर तो पाय जपून टाकत आला, पाण्यात उतरल्यासारखा. मधोमध कन्सोल चालू होता. त्याने वाकून कान नेला, मग आणखी जवळ.

“अरे... खरंच की.”

कुणीतरी पहिल्यांदाच हे ऐकत होतं. मिक्सर नसलेला कन्सोल नव्हे, तर ती शांतता, जी तिने अर्ध्या-अर्ध्या अंशाने घडवली होती. तिने कन्सोल बंद केला.

“त्या गाण्याचं पुढे काय होतं?” त्याने विचारलं. “दोन सेकंदांत तुटलंय. मी किती दिवस पुढची ओळ स्वतःच रचत होतो.”

“शब्द नाहीत त्याला. बाबा सायकल पुसताना गुणगुणायचे. ते गेल्यावर माझ्याकडेच राहिलंय.”

“मला दे ना थोडं.”

‘दे’ म्हटल्यावर दोघंही दचकले. इथे शब्द लपत नाहीत. बोळातून कुटुंबांचा गलका येत होता. कुणी हाका मारत होतं, कुणी हसत होतं. दार वीतभर उघडंच होतं.

तिने दाराच्या मुठीवर हात ठेवला.

“लावू? काही लोकांना सहन होत नाही. आपलाच जीव ऐकू यायला लागतो.”

“तू आहेस ना आत,” तो म्हणाला. “लाव.”

तिने दार लावलं. बाहेरचं हसणं एकदम तुटलं, आणि तिला ते परत हवंसं वाटलं नाही.

मग तिने पहिल्यापासून सुरुवात केली.